छप्पर धरून ठेवलंत, त्याबद्दल

सुतारकाकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून फोन ठेवता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे, म्हणजे मध्येच तोडता यायचं नाही.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा आमच्या पत्र्यांवर अकरा दगड होते आणि वाळूची चार पोती. मीच चढवून घेतली होती. तुम्ही खालूनच विचारलंत, “हे कुणाच्या डोक्यात घालायला ठेवलेत?” तेव्हा राग आला होता, आज कबूल करते.

मला वाटायचं, वारा छपराला ढकलतो. तुम्ही वहीचा कागद फाडलात, एक कड ओठांशी धरलीत आणि वरच्या बाजूने फुंकर मारलीत. लोंबणारा कागद वर उचलला गेला. “छप्पर असं जातं,” म्हणालात. मग त्याच कागदावर हिशेब मांडलात: ताशी 144 किलोमीटरचा वारा चौरस मीटरला साधारण 100 किलोचा जोर लावू शकतो आणि पत्रा स्वतः जेमतेम 5 किलोचा. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. कोपऱ्यांत, वळचणीला आणि आढ्यापाशी ओढ आणखी जास्त. दगड दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आले.

मग तुम्ही माळ्यावर चढून वासे मोजायला बसलात. आमच्याकडे पाण्याचा घोटही घेतला नव्हतात, त्यामुळे ती म्हण तुम्हाला लागू नाही. वासा तुळईवर जिथे टेकतो तिथे वरून ठोकलेला एक खिळा होता, वासागणिक एकच. त्यातला एक तुम्ही पकडीने धरलात आणि फारसा जोर न लावता उपसून माझ्या तळहातावर ठेवलात. बोटभर लांब, अर्धा गंजलेला. एवढ्यावर आम्ही इतकी वर्षं झोपत होतो! खिळा सरळ ओढला तर निघतो, पण आडवा ताण आला तर सहजी हटत नाही, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. म्हणून प्रत्येक वाशावरून जस्त चढवलेली लोखंडी पट्टी फिरवलीत, दोन्ही बाजूंनी खाली उतरवलीत आणि खिळे आडवे ठोकलेत. आता वारा वर ओढू लागला तर सगळे खिळे मिळून अडवतात.

मला एवढ्यावर काम संपलं असं वाटलं. तुम्ही मात्र विचारलंत, “वासा तुळईला बांधला. तुळई कशाला बांधली आहे?” ती नुसती भिंतीवर ठेवलेली होती. दारं-खिडक्यांवरच्या लिंटेलच्या काँक्रीटपर्यंत भोकं पाडून सळया बसवल्या आणि तुळई नटांनी आवळली, त्यात तीन दिवस गेले. घरभर धूळ झाली आणि मी कुरकुरले. त्याबद्दल माफी नाही मागत, धूळ खरंच फार होती.

जुन्या पत्र्यांची भोकं तुम्ही मला बोट घालून दाखवलीत. गोल राहिली नव्हती, लांबट झाली होती आणि एकाच्या कडेला केसाएवढी चीर होती. 1974 च्या नाताळात ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर ट्रेसी चक्रीवादळ आलं, ते उदाहरण तुम्ही तेव्हा दिलंत. नंतर मी वाचलं. वारा मोजणारं यंत्र ताशी 217 किलोमीटरची नोंद करून बंद पडलं आणि बहुतेक घरं मोडली. स्क्रू शाबूत, पत्रा मात्र त्याच्याभोवती फाटून निघालेला, असं कितीतरी ठिकाणी झालं होतं. वारा एकसारखा ओढत नाही, हिसके देतो, आणि तार सारखी वाकवली की तुटते तसा पत्रा स्क्रूभोवती चिरत जातो. म्हणून रुंद वायसर. आणि मधल्या भागात एक पन्हळ सोडून स्क्रू, पण कडेला आणि कोपऱ्यात प्रत्येक पन्हळीच्या माथ्यावर. वायसर इतकेच आवळायचे की रबर चपटं होऊन बाहेर येता कामा नये, हे तुम्ही माझ्या मुलाला चार वेळा सांगितलंत. पाचव्यांदा तो मला सांगत होता.

वळचण कापलीत, ते मात्र मला अजून पटलेलं नाही. लांब वळचणीखाली वारा शिरतो आणि तिला खालून उचलतो, मान्य. पण दुपारची सावली गेली ती गेलीच.

वादळाच्या रात्री शेजारून निरोप आला की खिडक्या उघड्या टाका, आतला-बाहेरचा दाब सारखा होईल. तुम्ही नेमकं याच्या उलट बजावलं होतं: वाऱ्याच्या बाजूचं एक दार उघडलं तरी वारा आत भरतो; छपराला वरून ओढ असतेच, त्यात तो खालूनही ढकलतो. आम्ही अडसर घातला, दाराला कपाट लावलं आणि बसून राहिलो. पहाटेपर्यंत पट्ट्या कुरकुरत होत्या. तो आवाज ऐकून आधी छातीत धस्स व्हायचं, मग लक्षात आलं की ताण घेतेय म्हणून वाजतेय. आवाज थांबला असता तर घाबरायला हवं होतं.

सकाळी पाहिलं तर पत्रे जागेवर होते. एका टोकाचा आढ्यावरचा पत्रा तेवढा उचकटलाय. स्क्रू कमी पडले म्हणून तिथे मीच “चालेल हो” म्हटलं होतं आणि तुम्ही काही न बोलता माझ्याकडे बघितलं होतं. या वेळी स्क्रू आणून ठेवलेत, वायसरसकट. तुमची शिडीही इथेच आहे, तेव्हा कधीतरी यावं लागणारच.

तुमची,
खालून शिडी धरणारी