मंचावरच्या मॉनिटरला अर्थिंग हवेच

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सव जवळ आला की ध्वनिक्षेपकांविषयी वाचकांची पत्रे येऊ लागतात आणि ती बहुतेक आवाजाच्या त्रासाची असतात. गेली २३ वर्षे वाद्यवृंद, भावगीतांचे कार्यक्रम आणि नाटकांचे दौरे यांची ध्वनिव्यवस्था मी सांभाळतो. मला लिहायचे आहे ते मंचाच्या कडेला गायकाकडे तोंड करून तिरप्या ठेवलेल्या मॉनिटरविषयी, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून लावलेल्या स्पीकरविषयी, कारण त्याच्या वीजजोडणीकडे फारसे कोणी पाहत नाही.

पूर्वी ॲम्प्लिफायर मंचाच्या बाजूला, साउंडवाल्याच्या नजरेसमोर असे आणि मॉनिटरपर्यंत फक्त स्पीकरची वायर जाई. आता बऱ्याच ठिकाणी ॲम्प्लिफायर मॉनिटरच्या पेटीतच बसवलेला असतो. त्यामुळे सोय मोठी झाली, पण २३० व्होल्टची वायर थेट कलाकाराच्या पायाशी आली आणि मंडपातली जोडणी मात्र आपण जुन्याच सवयीने करत राहिलो.

दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी संध्याकाळच्या चाचणीत गायिकेने माइक ओठांजवळ नेला आणि दचकून मागे घेतला. ओठांना झिणझिण्या आल्या होत्या. माइकच्या जाळीला टेस्टर लावला, तर तो पेटला. शोध घेतल्यावर दिसले की मिक्सर (सगळ्या माइकचे आवाज एकत्र करून त्यांची पातळी ठरवणारे यंत्र) ज्या बोर्डावर होता त्याला अर्थिंगच नव्हते आणि मॉनिटरच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन कोणीतरी आधीच्या एखाद्या कार्यक्रमात स्पीकरमधली गुणगुण घालवण्यासाठी कापून टाकली होती. अशा उपकरणांच्या आतल्या फिल्टरमधून अगदी थोडा प्रवाह पेटीच्या धातूकडे येतच असतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर सिग्नलच्या केबलच्या जाळीतून मिक्सरकडे आणि तिथून माइकच्या धातूपर्यंत पोहोचतो. त्या दिवशी झिणझिण्यांवर निभावले. आतले इन्सुलेशन निकामी होऊन फेज पेटीला लागला असता, तर हीच वाट जीवघेणी ठरली असती.

ही पिन कापण्याची सवय आमच्या व्यवसायात आहे, हे मी खेदाने कबूल करतो. गुणगुण बहुधा येते ती मिक्सर आणि मॉनिटर वेगवेगळ्या ठिकाणच्या बोर्डांवर लावल्यामुळे, कारण दोघांच्या अर्थिंगमधून आणि सिग्नलच्या केबलमधून एक फेरा तयार होतो. दोन्हींना एकाच वितरण बोर्डावरून वीज द्यावी, बॅलन्स्ड एक्सएलआर केबल (दोन सिग्नल तारा आणि जाळी असलेली, बाहेरची गुणगुण कमी पकडणारी) वापरावी आणि तरीही गुणगुण राहिली तर सिग्नलच्या केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा, म्हणजे आवाज पुढे जातो पण अर्थिंगचा फेरा तुटतो. विजेच्या प्लगला हात लावण्याची गरजच नसते.

काहीही जोडण्यापूर्वी सॉकेटवर मल्टिमीटर धरावा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे २३० च्या आसपास, तर न्यूट्रल-अर्थमध्ये फार तर दोन-तीन व्होल्ट दिसायला हवेत. मंडपात थ्री-फेज घेतलेली असते आणि तिचा न्यूट्रल सैल झाला तर एखाद्या फेजवर दाब ४०० व्होल्टच्या दिशेने चढतो, म्हणून मोजण्याचा हा एक मिनिट वाचवू नये. मंचाच्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा आणि त्याचे टेस्टचे बटण कार्यक्रमापूर्वी दाबून पाहावे. जनरेटर असेल तर त्याचा न्यूट्रल अर्थला जोडला आहे का, हे आधी विचारावे, कारण तो जोडलेला नसेल तर गळती होऊनही आरसीसीबी पडत नाही. एक्स्टेंशनची रीळ पूर्ण उलगडावी, नाहीतर गुंडाळलेली वायर तापते. भाद्रपदात पाऊस असतोच, तेव्हा जोड जमिनीपासून उंच आणि झाकलेले हवेत.

आवाजाची पातळी लावताना आधी मिक्सर चालू करावा आणि मॉनिटर शेवटी, नॉब पूर्ण खाली ठेवून. बंद करताना आधी मॉनिटर. मॉनिटरच्या मागे माइक-लाइनचा खटका असेल तर तो लाइनवर हवा, कारण माइकवर राहिला तर मिक्सरचा सिग्नल फाटतो. गायकाला पूर्ण ताकदीने गाऊन दाखवायला सांगून त्याच्या चॅनलचा गेन, म्हणजे माइकचा आवाज मिक्सरमध्ये किती वाढवून घ्यायचा ते, ठरवावा. मॉनिटरसाठी प्री-फेडर ऑक्स (फेडरच्या आधीच सिग्नल घेणारी मिक्सरची वेगळी वाट) घ्यावा, म्हणजे प्रेक्षकांसाठी फेडर, अर्थात आवाजाची सरकपट्टी, हलवला तरी गायकाच्या कानावरचा आवाज बदलत नाही. मग मॉनिटरचा नॉब हळूहळू वाढवत शिट्टीच्या (मॉनिटरचा आवाज परत माइकमध्ये शिरल्याने होणाऱ्या) पहिल्या चाहुलीपर्यंत जावे आणि तिथून पाच-सहा डेसिबल मागे यावे. कार्डिऑइड, म्हणजे समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी घेणाऱ्या, माइकची पाठ मॉनिटरकडे हवी आणि गायकाने जाळी मुठीत धरू नये. मॉनिटरचा लाल दिवा सतत लागत असेल तर मॉनिटर त्याच्या मर्यादेला पोहोचला आहे. कलाकार ‘अजून द्या’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या मॉनिटरमधला तबला किंवा की-बोर्ड थोडा उतरवला की स्वतःचा आवाज त्याला नीट ऐकू येतो, आणि त्याचे कानही वाचतात.

मंडळांना विनंती आहे की साउंडचा ठराव करताना अर्थिंगची तपासणी आणि कार्यक्रमापूर्वीचा निदान अर्धा तास चाचणीसाठी लेखी मागावा. नगरपालिकांच्या नाट्यगृहांनी मंचाच्या पुढच्या कडेला, ध्वनीच्या बोर्डावरूनच वीज येणारे अर्थिंगसह सॉकेट बसवावेत; आज अनेक ठिकाणी ते नसल्यामुळे विंगेतल्या प्रकाशयोजनेच्या बोर्डावरून वायर ओढावी लागते.

आपला विश्वासू,
एक ध्वनिसंयोजक, सांगली