सराव-मैदानावर ५० यार्डांची पाटी हवी

महोदय,

गोल्फच्या सराव-मैदानांवर अंतराच्या पाट्या बहुतेक ठिकाणी १००, १५०, २०० यार्ड अशाच असतात. साहजिकच येणारा प्रत्येक जण ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायची काठी) काढून शेवटच्या पाटीच्या मागे लागतो. हौशी खेळाडूचे बरेच फटके मात्र पहिल्या पाटीच्या अलीकडेच खर्ची पडतात. ग्रीन (भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) ५५ यार्डांवर आहे, हातात वेज (जवळच्या, उंच फटक्यांची काठी) आहे, आणि तिथून तिनाऐवजी पाच फटके लागतात. क्लबांनी ३०, ५० आणि ७० यार्डांवरही पाट्या रोवाव्यात, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र.

या टप्प्यात हमखास होणारी चूक एकच. स्विंग पूर्ण घ्यायचा आणि चेंडूजवळ येताना हात आवरायचा. मग क्लब, म्हणजे हातातली काठी, मंदावतो आणि चेंडूआधीच जमिनीत रुततो (फॅट), नाहीतर अंग वर उचलले जाऊन पात्याची कड चेंडूच्या पोटाला लागते (थिन) आणि चेंडू ग्रीन ओलांडून जातो. वेजचे अंतर जोरावर नव्हे, हात किती मागे नेला यावर ठरवायचे असते. पूर्वी नासात संशोधक असलेले प्रशिक्षक डेव्ह पेल्झ यांनी त्यासाठी घड्याळाची पद्धत रूढ केली. उजव्या हाताने खेळणाऱ्याने आपला डावा हात काटा मानायचा. समोरून पाहणाऱ्याला तो साडेसात, नऊ किंवा साडेदहावर दिसला पाहिजे. लय तिन्ही वेळा तीच, शेवटही पूर्णच. पाय जवळ, चेंडू मधोमध, वजन किंचित डाव्या पायावर. चेंडू उजव्या पायाकडे सरकला की लॉफ्ट (पात्याचा मागे कललेला कोन) कमी होतो, फटका खालून जातो आणि जास्त धावतो.

तीन वेज आणि तीन स्विंग म्हणजे नऊ अंतरे. प्रत्येकाचे दहा चेंडू मारावेत, सर्वांत वाईट दोन सोडून द्यावेत आणि उरलेल्यांच्या घोळक्याचा मध्य लिहून ठेवावा. लिहायची ती कॅरी, म्हणजे चेंडू हवेतून जिथे पडला तिथपर्यंतचे अंतर. पुढची धाव मोसमावर असते: एप्रिल-मेच्या कडक ग्रीनवर चेंडू पुढे पळतो, जुलैत पडल्या जागी रुततो. हा कागद खेळताना खिशात ठेवायला नियमांची हरकत नाही. मधले अंतर हवे असेल तर ग्रिप इंचभर खाली धरावी; साधारण पाच यार्ड कमी होतात. ‘हाताला आपोआप कळते’ असे म्हणणारे रोज खेळणारे असतात. रविवारी खेळणाऱ्याने कागदावर भरवसा ठेवावा.

त्याआधी पिशवीतले लॉफ्ट तपासावेत. सँड वेजवर ५६ असा आकडा कोरलेला असतो, पण संचातल्या पिचिंग वेजवर नुसता ‘पी’. हल्लीच्या बऱ्याच संचांत तो ४४ अंशांच्या आसपास असतो. चार अंशांना दहा-बारा यार्ड धरले तर ४४ आणि ५६ मध्ये तीसेक यार्डांचे भगदाड पडते. तिथे ५० अंशांचा गॅप वेज हवा. नियमाने १४ क्लब चालतात, तेव्हा एखादा लांब पल्ल्याचा वूड घरी ठेवला तरी बिघडत नाही. पुण्याच्या उंचीमुळे चेंडू मुंबईपेक्षा लांब जातो हे खरे, पण १०० यार्डांच्या फटक्यात तो फरक दोनेक यार्डांचा. त्याची चिंता नको. ओल्या पात्याची मात्र करावी. पाते आणि चेंडू यांच्यात पाणी किंवा ओले गवत आले की फिरकी घटते, चेंडू उंच उडतो आणि अंतराचा भरवसा राहत नाही. पावसाळ्यात प्रत्येक फटक्याआधी पाते टॉवेलने पुसावे.

आणखी दोन अडचणी क्लबांच्याच हातात आहेत. मॅटवर फॅट फटका कळतच नाही, क्लब मॅटवरून घसरून चेंडूला लागतो आणि फटका चांगला बसल्याचा भास होतो. म्हणून वेजसाठी खऱ्या गवताची एखादी पट्टी राखावी. सरावाचे झिजलेले चेंडूही कमी जातात. गर्दी नसताना खेळाडूंना स्वतःचे चेंडू मारून मोजू द्यावे.

पाट्या लावताना एक काळजी घ्यावी. गवत वाचवण्यासाठी मारण्याची रेघ मागे-पुढे सरकवली जाते. दहा यार्डांचा हा फरक २०० च्या पाटीला कोणाच्या लक्षातही येत नाही, पण ५० च्या पाटीला तो वीस टक्के होतो. तेव्हा जवळच्या पाट्या उचलून हलवता येतील अशाच असाव्यात, आणि रेघ बदलली की माळ्याने त्या यार्डांत पुन्हा मोजून रोवाव्यात. मीटरमध्ये मोजल्या तर ५० चे जवळपास ५५ यार्ड होतील.

– एक वाचक, पुणे