मचूळ पाण्यावरही चाचणी घ्या

महोदय,

विजेचे सूक्ष्म झटके आणि नॅनोकण (डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण) एकत्र वापरून पाण्यातल्या रोगकारक परजीवींना रोखण्याच्या संशोधनाविषयी वाचलं. कोकणातल्या विहिरींच्या दृष्टीने त्यावर बोलायला हवं, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर टाकतो, आणि पाण्यात क्लोरीन उरलंय का हे पाहणारी ओटी टेस्ट घेतो. जिवाणूंवर हा उपाय चांगला आहे आणि त्यात खंड पडता कामा नये. पण क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी जाड कवचात असतो, तो क्लोरीनला सहसा दाद देत नाही. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९९३ साली तो नळाच्या पाण्यातून पसरला आणि सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. तिथे तर शुद्धीकरण केंद्रं होती!

सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागापुरता तीव्र झटका दिला की पेशीच्या पटलाला छिद्रं पडतात. झटका सौम्य असेल तर ती पुन्हा बुजतात. ती उघडी असतानाच चांदीसारख्या धातूचे नॅनोकण आत शिरले, तर परजीवीला सावरणं कठीण. वीजही कमी आणि धातूही कमी वापरून काम भागेल, ही आशा मला फार मोलाची वाटते.

मात्र आमचं पाणी प्रयोगशाळेतल्यासारखं नसतं. एप्रिल-मेमध्ये उपसा वाढला की खाडीकाठच्या कित्येक विहिरी मचूळ होतात. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे झटक्यांची बरीच शक्ती पाणी तापवण्यातच जाते. पावसाळ्यात जांभ्याचा लाल गाळ उतरतो. नॅनोकण परजीवीऐवजी त्यालाच चिकटू शकतात. आणि वापरून झालेलं पाणी शेवटी जाणार खाडीत. कालवं, तिसऱ्या हे शिंपल्यातले जीव पाणी गाळूनच अन्न मिळवतात, चांदीचे कण जलचरांना बाधतात, आणि तिसऱ्या काढून विकणाऱ्या बायकांचं घर त्या खाडीवरच चालतं.

दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. त्यांच्याकडून मे महिन्यातल्या मचूळ आणि जुलैतल्या गढूळ पाण्यावर या तंत्राची चाचणी करून घ्यावी, पाण्यात मागे किती कण उरतात तेही मोजावं, आणि शासनाने त्यासाठी निधी द्यावा. तोवर अंगणवाड्या आणि शाळांना पाणी उकळण्यासाठी इंधनाची वेगळी तरतूद जिल्हा परिषदेने करावी. उकळल्यावर हे परजीवी तग धरत नाहीत.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, गुहागर