‘नातं’ या रकान्यात काय लिहू?

पुणे,
२५ जानेवारी २०२५

प्रिय शिऱ्या,

मुग्धाच्या लग्नाची पत्रिका पोचली. ‘सहकुटुंब सहपरिवार’च्या खाली तुझ्या त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात ‘सुहासला घेऊन ये, नाहीतर तूही येऊ नकोस’ हे वाचून सुहासनं पत्रिका उचलली आणि थेट फ्रिजवर लावून टाकली. आता दूध काढायला गेलं की आधी गणपती दिसतो, मग तुझं अक्षर.

पण रविवारी फोनवर जे बोललास ते काही डोक्यातून जाईना. ‘अरे, ३७७ कलम गेलं, समलिंगी संबंध आता गुन्हा नाही, तुम्हाला कोण पकडून नेतंय? तुमच्या लग्नाला कोर्टानंही नाही म्हटलंय. मग लग्नाचा हट्ट कशाला?’ तेव्हा मी हसण्यावारी नेलं, कारण मागे मांडववाला तुझ्याशी हुज्जत घालत होता. मुलीच्या लग्नाच्या नऊशे पत्रिका छापणारा माणूस मला विचारतो, लग्न कशाला! म्हणून हे लांबलचक पत्र. मांडववाला गेल्यावर वाच.

पित्ताशयाच्या खड्यानं सुहास आडवा झाला होता, ते तुला माहीत आहे. त्या रात्रीचं एक सांगायचं राहिलं. पावणेदोन वाजले होते. काउंटरवरच्या मुलीनं संमतीपत्र पुढे सरकवलं. ‘पेशंटशी नातं’ या रकान्यापाशी माझं पेन अडकलं. मी ‘मित्र’ म्हणालो. ती म्हणाली, ‘घरचं कुणी नाही का?’ तिचा काही दोष नाही, पोर बिचारी जांभया देत होती. घरचं म्हणजे रत्नागिरीला त्याची म्हातारी आई. आत सुहास कळवळत होता. मी लिहिलं, ‘मावसभाऊ’. ते खोटं पुढे सोसायटीतही चिकटलं. सुहासच्या आईला सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘अरे, पण मला बहीणच नाही!’ आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

गेल्या जूनमध्ये त्या गेल्या. आमच्या कंपनीत सासू-सासरे वारले तर तीन दिवसांची रजा आहे. शेजारच्या टेबलवरच्या गृहस्थांनी ती मार्चमध्ये घेतली होती. मी माझ्या किरकोळ रजेतून दिवस काढले आणि अर्जावर लिहिलं, ‘कारण : वैयक्तिक’. एकोणीस वर्षं त्या बाईनं मला माझ्या नावाची वेगळी बरणी करून लसणाची चटणी पाठवली, शिऱ्या.

आता पीएफचं ऐक, हे तुझ्या हिशेबी डोक्याला पटकन कळेल. नियमात ‘कुटुंब’ ठरवून दिलंय : पुरुषाचं म्हणजे बायको, मुलं, अवलंबून असलेले आई-वडील वगैरे. यातलं कुणीही हयात असेल तर वारस म्हणून बाहेरच्या माणसाचं नाव चालत नाही, लिहिलं तरी ते बाद. ग्रॅच्युइटीचंही तेच. कुटुंबच नसेल, तर मात्र कुणाचंही नाव लिहा. माझी आई ब्याऐंशीची, माझ्यावर अवलंबून. म्हणजे सुहासचं नाव मला लिहिता येईल ते ती गेल्यावर. सणावाराला तिच्या पाया पडतो तेव्हा कधीकधी हे आठवतं आणि स्वतःचीच लाज वाटते. असला विचार माणसाच्या डोक्यात घालणारा नियम काय कामाचा?

मृत्युपत्र केलंय, हो. ते घराला आणि बँकेतल्या पैशाला चालतं. गेल्या वर्षी २८ ऑगस्टला अर्थ मंत्रालयानं पत्रकही काढलं, की समलिंगी जोडप्यांना संयुक्त खातं उघडायला, जोडीदाराला नॉमिनी करायला मनाई नाही. मनाई आधीही नव्हती म्हणा! पण असं एकेक पत्रक गोळा करत किती वर्षं काढायची? मुग्धाला सही केल्यावर जे सगळं एका दिवसात मिळणार आहे, ते आम्ही तुकड्यातुकड्यानं मागतोय, तेही दुसऱ्याच्या मर्जीवर.

कोर्टाचंही तू अर्धवट वाचलंस. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाचही न्यायमूर्ती म्हणाले, की लग्न हा मूलभूत हक्क नाही. त्यानंतर मात्र तीन विरुद्ध दोन झालं. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल, लग्न नाही तरी अशा जोडप्यांच्या सहजीवनाला मान्यता द्यावी, या बाजूचे होते. ते अल्पमतात गेले. बहुमतानं सांगितलं, हे संसदेचं काम. या ९ जानेवारीला पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या.

बरं, संसद. आपल्या बारामतीच्या सुप्रिया सुळ्यांनी एप्रिल २०२२ मध्ये लोकसभेत खासगी, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं, विधेयक मांडलं होतं, विशेष विवाह कायद्यात समलिंगी जोडप्यांना जागा द्या म्हणून. लोकसभेची मुदत संपली, विधेयकही संपलं. अशी खासगी विधेयकं आजवर चौदाच मंजूर झालीत आणि शेवटचं १९७० साली. तेव्हा तू आणि मी रांगत होतो. कोर्ट संसदेकडे बोट दाखवतं, संसद घड्याळाकडे.

आणि हा विशेष विवाह कायदा म्हणजे काय हे तुला मी सांगायचं? १९५४ चा तोच कायदा, ज्याखाली १९९२ साली आपल्या सुनीताताईनं नझीरभाऊंशी लग्न केलं. तीस दिवस बोर्डावर नोटीस लटकत होती आणि आपण दोघं रोज जाऊन कुणी फाडली नाही ना बघायचो. तीन साक्षीदारांतला एक मी. आबा सहा महिने बोलले नाहीत. पुढे तेच आबा नातवाला खांद्यावर घेऊन रंकाळ्यावर फिरवायचे. तेव्हाही लोक म्हणायचे, राहा की हवं तर एकत्र, लग्नाचा हट्ट कशाला?

हे सगळं परदेशातून आलंय असं तुझे व्याही म्हणाले म्हणे. १९३४ साली र. धों. कर्व्यांवर खटला भरला गेला तो त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, आणि त्यात समलिंगी संबंधांचा प्रश्न होता. कर्व्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. व्याह्यांशी वाद घालू नकोस मात्र, लग्न तोंडावर आहे.

आता खरं काम. नोकरीच्या बाबतीत आम्हाला कायद्याचा आधार फार तोकडा. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा आहे, नोकरीत भेदभाव करू नका म्हणणारा. माझ्यासारख्याला खासगी मालकानं ‘काम समाधानकारक नाही’ म्हणून काढलं, तर ‘खरं कारण वेगळंय’ म्हणायला तसं कलम नाही. पण मालकानं आपणहून चांगलं वागायचं ठरवलं तर त्याला कुणी अडवत नाही. टाटा स्टीलनं २०१९ मध्येच कर्मचाऱ्यांच्या समलिंगी जोडीदारांना सवलती लागू केल्या. लोखंड वितळवणारी कंपनी आहे, तुझ्याच जातकुळीची! तुझ्या शिरोलीच्या फाउंड्रीत एकशे चाळीस माणसं आहेत. मेडिक्लेमच्या फॉर्मवर ‘पती/पत्नी’च्या जागी ‘जोडीदार’ चालेल का, तुझ्या विमा एजंटला विचार. रजेच्या नियमातही तोच शब्द घाल. आणि लैंगिकतेवरून कुणाला त्रास दिला तर कारवाई होईल, एवढी ओळ सूचना फलकावर लाव. कामगार दोन दिवस हसतील, तिसऱ्या दिवशी बोनसबद्दल बोलतील. त्या एकशे चाळिसांत कुणी मावसभाऊ नसेलच असं नाही.

थायलंडमध्ये परवा, २३ तारखेपासून, अशी लग्नं कायदेशीर झाली. सुहास म्हणतो, जाऊ या. मी म्हटलं, तिथून नवरा होऊन निघायचं आणि पुण्यात उतरलो की परत मावसभाऊ. विमानाचं भाडं फुकट.

हळदीच्या आदल्या दिवशी पोचतो. बाकरवडी किती आणू ते वहिनींना विचारून कळव. आणि हो, पाहुण्यांत आमची ओळख करून देताना चुकूनही ‘मावसभाऊ’ म्हणू नकोस. वहिनींचं माहेर रत्नागिरीचं, तिथलं कुणीतरी मावशीचं नाव विचारायचं.

तुझा,
बाळ्या