बाळू, एकदा त्याच्याशी बोल

यळ्ळूर, बेळगाव
रविवार रात्र

प्रिय बाळू,

घरी सगळे बरे. आईचा गुडघा पावसात जरा जास्त दुखतो, एवढंच. लावणी उरकली. फोनवर बोलायला गेलो तर घरभर ऐकू जातं, म्हणून लिहितोय. उद्या गल्लीतला एक पोरगा पुण्याला येतोय, त्याच्या हाती हे पत्र आणि बासमती देतो.

दादाचा ओंकार लढती शिकायला थायलंडात गेलाय, परवा त्याचा फुकेटहून व्हिडिओ कॉल आला. हसत होता, तोंडावर तेज होतं. म्हणाला, "काका, आजीचा गुडघा कसा हाय?" मी सांगितलं. मग सरावाचं, जेवणाचं बोलला आणि पुन्हा, "आजीचा गुडघा कसा हाय?" मी परत सांगितलं. फोन ठेवताना तिसऱ्यांदा तेच, त्याच सुरात. वहिनी, म्हणजे त्याची आई, शेजारीच होत्या. त्यांना वाटलं, पोराचा आजीवर किती जीव! माझे हातपाय मात्र गळाले.

का ते तुलाच कळेल. सांबऱ्याच्या मैदानात ढाक डाव बसून तू डोक्यावर आदळलास, उठून माती झटकलीस आणि ट्रॅक्टरमध्ये बसल्यापासून "कुस्ती कुणी मारली रे?" हे वडगाव येईपर्यंत विचारत राहिलास. सगळे हसत होते. मी त्याच रात्री वस्तादांना सांगितलं. त्यांनी तुझा लंगोट पेटीत टाकून कुलूप लावलं आणि तो हंगाम तुला हौद्यात पाय ठेवू दिला नाही. "माझी कोल्हापूरची कुस्ती तू घालवलीस" म्हणून तू माझ्याशी अबोला धरलास, तो थेट तुझ्या लग्नातल्या पंगतीत सुटला, तोही जिलेबी वाढणारा मीच होतो म्हणून. बाळू, मी सांगितलं ते बरोबरच होतं. आजही सांगीन. तू अजून मान्य केलेलं नाहीस. नको करू. पण सांगू कुणाला, हाच आता प्रश्न आहे. तिथं वस्तादच नाही.

रात्री त्याला एकट्याला फोन करून खोदून विचारलं तेव्हा बोलला. सरावात एका परदेशी पोराची नडगी कानशिलावर बसली. क्षणभर डोळ्यांपुढं अंधार आला, खाली बसला, पाणी प्याला आणि संध्याकाळी पुन्हा सरावाला उभा राहिला. आता उजेड खुपतो, डोकं जड असतं. कुणी डॉक्टर नाही, कुणी थांबवलं नाही. आणि ते का झालं हे मला इथं बसून दिसतंय. आपण त्याला दुहेरी पट, म्हणजे वाकून समोरच्याचे दोन्ही पाय धरायचा डाव, शिकवला. पटात शिरताना डोकं खाली जातं. मातीत त्यानं बिघडत नाही, पण तिथं खाली आलेल्या डोक्याला समोरून गुडघा किंवा लाथ येते. आपल्या शिकवणीत काही खोट नव्हती, खेळच वेगळा आहे. नवं अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि तो वेळ त्याला कुणी देत नाही.

फुकेटच्या चालाँग भागात एकच रस्ता आहे म्हणे, दोन्ही बाजूंना कॅम्पच कॅम्प. सकाळी धावणं, दोरीच्या उड्या, पॅडवर लाथा, मानेत हात घालून गुडघे मारणं, आणि चार वाजता पुन्हा तेवढंच. मेहनतीला आपलं पोरगं कमी पडणार नाही. पण पैसे भरले की कुणालाही घेतात. वजन उतरवायला आलेला पर्यटक आणि पोटासाठी लढणारा एकाच चटईवर. मूळचे थाई लढवय्ये सरावात हलकेच खेळतात, कारण त्यांना सारखं लढायचं असतं आणि अंग राखायचं असतं. जीव खाऊन मारतात ती बाहेरून आलेली पोरं. आपल्या तालमीत वस्ताद जोड बघून लावायचे, "अजून सहा महिने थांब" म्हणायचे, आणि त्यांच्यापुढं कुणाची जीभ उचलायची नाही. याला तीन आठवड्यांनी लढत मिळाली आहे, एमएमएची, म्हणजे लाथा, बुक्क्या आणि कुस्ती सगळंच चालणारी, 4 औंसाचे पातळ हातमोजे. हो म्हणणारे सगळे आहेत, नाही म्हणणारा एकही नाही.

शिवाय वजन उतरवायचंय. पाणी तोडायचं, गरम पाण्यात बसायचं. 2015 मध्ये वन चॅम्पियनशिप या एमएमए लढती भरवणाऱ्या कंपनीच्या लढतीआधी असंच वजन उतरवताना चीनचा यांग जियानबिंग गेला, 21 वर्षांचा पोरगा. त्यानंतर त्यांनी नियम बदलले. पण गावठी लढतीत कोण बघतं? इथल्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, मेंदूला हादरा बसलाय असं धरा, लक्षणं पूर्ण जाईपर्यंत डोक्याला दुसरा मार बसता कामा नये.

त्यानं लढू नये असं मी म्हणत नाही. गैरसमज करून घेऊ नकोस. रितू फोगट 2019 मध्ये कुस्ती सोडून एमएमएसाठी सिंगापूरला गेलीच ना? पूजा तोमरनं बालीत राहून तयारी केली आणि 2024 च्या जूनमध्ये यूएफसीत, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या एमएमए स्पर्धेत, जिंकली, तिथं जिंकलेली भारताची पहिली बाई. ओंकारच्या खोलीत तिचा फोटो आहे. आता तो जास्त दिवस राहायचा व्हिसा काढायचा म्हणतोय, त्याला खात्यावर तिथल्या चलनात 5 लाख बाट दाखवावे लागतात. वहिनी दादाच्या वाटणीचं शेत गहाण ठेवायला निघाल्यात. मी हरकत घेतली नाही. शेत सोडवता येईल.

म्हणून तुला हे सांगणं आहे. माझं तो ऐकणार नाही; त्याच्या लेखी मी नोकरी करणारा काका. तू मात्र हौद्यातला बाळूमामा, त्याचा पहिला लंगोट तू बांधलास. त्याला सांबऱ्याचं सगळं सांग. नंतर कित्येक महिने तुला हिशेब जमत नव्हता, दुकानात सुटे पैसे देताना हात थरथरायचा, हेही सांग. कुणालाच सांगितलं नाहीस, मला ठाऊक आहे. ही लढत सोड म्हणावं, डॉक्टरला दाखव, महिना-दोन महिने नुसतं धाव. लढती पुढं मिळतील.

तुझ्या दुकानाचं कळलं, जागा बदललीस ते बरं केलंस. पिंकीचं जमलं का? वहिनींना नमस्कार. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ढकलू नकोस.

आणि फोन दुपारी साडेअकराला कर. तिथं तेव्हा एक वाजलेला असतो, पोरगं जेवून आडवं झालेलं असतं, सरावाच्या आधी बोलेल. नंबर तांदळाच्या पिशवीत चिठ्ठीवर लिहून ठेवलाय. काय म्हणाला ते मला त्याच दिवशी कळव.

तुझा,
मारुती