पहिली कातर

मिरज, रविवार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन ठेवताना तू म्हणालास, "आई, मी आळशीच आहे, माझं काही होणार नाही." दोन दिवस झाले, ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपल्याचं तू मला चार दिवसांनी सांगितलंस, तेव्हा मी रागावले. फीचे पैसे कुठून उभे करायचे या काळजीनं तोंडाला येईल ते बोलले. पण तुझं ते वाक्य मला मान्य नाही. फोनवर ते नीट समजावता येणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

उत्पन्नाचा दाखला बाबांनी सेतू केंद्रातून काढून तुला पाठवला, त्याला महिना होऊन गेला होता. मार्कशीट, पासबुक, आधार सगळं तुझ्याजवळ होतं. काम फार तर दीड तासाचं. त्या महिन्यात तू काय काय केलंस ते आठव. मित्रानं खोली बदलली, त्याचं कपाट तीन जिने चढवलंस. गॅदरिंगच्या तयारीसाठी दोन रात्री जागलास. खोली झाडून-पुसून मला फोटोसुद्धा पाठवलास. आळशी मुलगा दुसऱ्याचं कपाट तीन जिने वाहून नेत नाही रे. एकाच कामाला तुझा हात लागत नव्हता. आणि का लागत नव्हता तेही मला समजतं. मागच्या सेमिस्टरला विषय राहिला, तो निकाल त्या अर्जात भरायचा होता. अर्ज उघडला की तो आकडा समोर येणार. म्हणून रोज "उद्या भरू".

मला हे समजतं, कारण मी यातून गेले आहे. तू सहावीत होतास तेव्हाची गोष्ट. तुला कधी सांगितली नाही.

एका मुलीच्या लग्नाचा पैठणीवरचा ब्लाउज माझ्याकडे शिवायला आला होता. लग्नाला बावीस दिवस होते. मी माप घेतलं, वहीत लिहिलं, कापड पिशवीत घालून फळीवर ठेवलं. पैठणीचं ब्लाउजपीस जेमतेम असतं. काठ दोन बाह्यांना पुरेल एवढाच. साधं कापड चुकलं तर बाजारातून दुसरं आणता येतं, हे आणता येत नाही. कातर एकदा फिरली की फिरली. मी रोज सकाळी त्या पिशवीकडे बघायची आणि दुसरं काहीतरी हातात घ्यायची. कुणाचा फॉल, कुणाचं पिको, कुणाची पँट लांब करायची. त्या बावीस दिवसांत मी जितके फॉल लावले तितके दिवाळीतही लावले नसतील. रात्री पाठ दुखायची, आणि पाठ दुखते म्हणजे आज काम झालं असं वाटायचं.

हळदीच्या आदल्या रात्री दहा वाजता मी ते कापड पसरलं. सुती अस्तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आकसतं आणि वरचं रेशीम चुणतं. त्याला आता वेळ नव्हता, तसंच लावलं. घाईत मुंढा, म्हणजे बाही जोडायची खाच, अर्धा इंच कमी धरला गेला. सकाळी मुलीनं घालून पाहिलं तर हात वर होईना. उसवून सैल करावं तर शिलाईच्या आत माया, म्हणजे जादा कापड, सोडलेलीच नव्हती. मुलीनं लग्नात दुसऱ्या साडीवरचा ब्लाउज घातला. तिची आई मला एक शब्द बोलली नाही. शिलाईचे पैसे टेबलावर ठेवून गेली. मी परत द्यायला तिच्या घरी गेले, तर म्हणाली, राहू दे. ते "राहू दे" मला आजही ऐकू येतं.

त्यानंतर वर्षभर मी लग्नाचा एकही ब्लाउज घेतला नाही. नाजूक काम आपल्याला जमतच नाही, अशी मनाची समजूत करून घेतली. तुझं परवाचं वाक्य आणि माझी ती समजूत एकाच कापडाची आहेत.

पुढे कधीतरी वाचनालयातून मानसशास्त्राचं एक पुस्तक आणलं. त्यात चालढकलीवर वाचायला मिळालं आणि मग त्या विषयावर हाती लागेल ते वाचत गेले. फ्युशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या दोन अभ्यासकांनी 2013 मध्ये मांडलं की चालढकल हा मुळात वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नसतो, तो मनाच्या अवस्थेचा असतो. कामाकडे पाहिलं की भीती, लाज किंवा कंटाळा दाटून येतो. काम बाजूला सारलं की लगेच हलकं वाटतं. त्या हलकं वाटण्याचीच मनाला सवय लागते. वाचताना मला माझी फळी आणि तिच्यावरची पिशवी दिसत होती. पिशवी परत ठेवली की मला खरंच बरं वाटायचं, दिवसभर.

तुझ्या बाबांचंही बघ. वीजबिल आलं की त्याच दिवशी भरतात, घरपट्टी कधी चुकवली नाही. पण गुडघा दुखत असताना दीड वर्ष डॉक्टरकडे गेले नाहीत. बाबांना कुणी आळशी म्हणेल का? त्यांना ऑपरेशनचं नाव ऐकायचं नव्हतं.

म्हणून तुला विचारते. ज्या कामाला हात लागत नाही त्यात नेमकं काय टोचतंय, ते एकदा कागदावर लिहून बघ. "अर्ज भरायचा आहे" असं नको. "नापास विषयाचा रकाना भरायचा आहे" असं लिही. टोचणारी जागा सापडली की बाकीचा अर्ज सोपा असतो, हे तुला दिसेल.

माझं बदललं ते एका अगदी लहान गोष्टीनं. मी ठरवलं, कापड घरात आलं की त्याच संध्याकाळी अस्तर पाण्यात टाकायचं. बाकी काही नाही. अस्तर भिजवायला धीर लागत नाही, चूक व्हायची भीती नाही. पण सकाळी दोरीवर वाळलेलं अस्तर दिसतं. मग इस्त्री होते. इस्त्री झाली की खडूनं खुणा होतात. मापाची खात्री नसेल तर आधी मांजरपाटावर कच्चा ब्लाउज कापते, तो चुकला तरी बिघडत नाही. असं करत पैठणीवर कातर लावायची वेळ येते तेव्हा निम्मी भीती गेलेली असते. "अमुक झालं की मी तमुक करीन" असं आधीच बांधून ठेवलेलं काम जास्त वेळा तडीस जातं, असं पेटर गोलवित्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं बऱ्याच प्रयोगांतून दाखवलं आहे. मी ते वाचलं नंतर. अस्तर आधी भिजलं होतं.

तू मला "आजपासून रोज चार तास अभ्यास" असली वचनं देऊ नकोस. तसली वचनं मी गिऱ्हाइकांना खूप दिली आहेत. "परवा देते" म्हणताना ते मला खरंच वाटायचं. 1994 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात कॅनडातल्या काही विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. त्यांचा अंदाज सरासरी 34 दिवसांचा होता, लागले 55 च्या वर. आता मी मनात आलेल्या दिवसांच्या दुप्पट तारीख सांगते. गिऱ्हाईक सुरुवातीला कुरकुरतं, पण तारखेला ब्लाउज हातात पडला की पुन्हा येतं.

गणपतीनंतर चार दिवस तुझ्या खोलीवर राहिले, तेव्हा काही गोष्टी पाहिल्या. त्या तेव्हाच बोलायला हव्या होत्या. तू सहा वाजता येतोस, दप्तर दाराशी टाकतोस, पलंगावर बसतोस. चार्जर उशीपाशी आहे म्हणून मोबाईल हातात येतो. "दहा मिनिटं" म्हणतोस आणि जेवायच्या वेळेला उठतोस. त्यात तू काही ठरवून करत नाहीस. पाय पलंगाकडे वळतात, हात चार्जरकडे जातो. सवय अशीच असते, ती जागेला चिकटलेली असते. तेव्हा जागाच हलव. चार्जर दारामागच्या प्लगला लाव. जे पुस्तक वाचायचं ते टेबलावर उघडून ठेवूनच कॉलेजला जा.

मी रात्री झोपण्याआधी दोन बॉबिन भरून ठेवते. सकाळी बॉबिन भरण्यापासून सुरुवात करायची म्हटलं की दोरा शोध, रंग जुळव, त्यातच पाऊण तास जातो आणि मग चहाची वेळ होते. आणखी एक करते. दिवसाची शेवटची शिलाई मुद्दाम पुरी करत नाही. सुई कापडात उतरवून, कापड दाबणारा मशीनचा पाय खाली टाकून तशीच उठते. सकाळी मशीनवर बसलं की काय करायचं हा प्रश्नच नसतो, पाय पायडलवर आपोआप जातो. तूही गणित अर्धं सोडून झोपून बघ. पुढची पायरी काय ते एका ओळीत लिहून ठेव, म्हणजे झालं.

एकवीस दिवसांत सवय लागते असं तुझा मित्र सांगत होता. त्यावर फार भरवसा ठेवू नकोस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 96 जणांना बारा आठवडे रोज एकच साधी गोष्ट करायला सांगून पाहिलं होतं, जेवणाबरोबर पाणी पिणं किंवा थोडं पळणं, अशी. ती अंगवळणी पडायला मध्यावरचा आकडा निघाला 66 दिवस. कुणाचा 18, कुणाचा थेट 254, म्हणजे बारा आठवड्यांच्या पुढचा आकडा त्यांनी हिशेबानं काढलेला अंदाज. मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तुझा एक दिवस चुकला की तू सगळंच सोडतोस. लहानपणी शुद्धलेखनाची वही अशीच सोडली होतीस. एका पानावर शाई सांडली, आणि मागची चाळीस सुंदर पानं तुला दिसेनाशी झाली.

आता परवाच्या माझ्या बोलण्याबद्दल. कॅनडातल्याच कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांवर एक अभ्यास झाला, 2010 मध्ये छापून आला. पहिल्या परीक्षेआधी ज्यांनी चालढकल केली होती, त्यांच्यातल्या ज्या मुलांनी त्याबद्दल स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी चालढकल कमी केली. हे वाचल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. त्या पैठणीबद्दल मी स्वतःला वर्षभर बोल लावत राहिले, आणि त्यातून एकही ब्लाउज शिवून झाला नाही. म्हणून तू स्वतःला शिव्या देणं थांबव. अर्ज गेला, नुकसान झालं, ते आपण तिघं मिळून भरून काढू. मी रागावले तेवढं पुरे आहे, त्यात तू भर घालू नकोस.

फी हप्त्यानं भरू द्यावी म्हणून प्राचार्यांना विनंती अर्ज द्यायचा आहे, तोही तू आठ दिवस टाळतो आहेस. ऑफिसात जाऊन कारण सांगायची लाज वाटते, होय ना? हे पत्र वाचून झालं की कागद घे. वर तारीख घाल आणि "प्रति, मा. प्राचार्य" एवढंच लिहून कागद टेबलावर ठेव. पुढचं आज लिहू नकोस. उद्या संध्याकाळी सात वाजता मला फोन कर, मजकूर आपण दोघं मिळून घालू. वाटलं तर मी सांगते आणि तू लिही. परवा तो ऑफिसात नेऊन दे. बाबा फोनवर तुझ्याबरोबर राहतील, त्यांनीच तसं सांगायला सांगितलं आहे.

एसटीनं डबा पाठवला आहे. भडंग वेगळ्या पिशवीत आहे, खोलीतल्या मुलांनाही दे. तूप तळाशी आहे, उघडताना जपून.

आज दुपारीच एक पैठणी आली आहे, जांभळी, लग्न पुढच्या महिन्यात. अस्तर बादलीत भिजतंय.

तुझी,
आई