तुझ्या केबलचा दोष नव्हता

सातारा,
१७ ऑगस्ट

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. फोनवरही सांगता आलं असतं, पण हे लिहूनच सांगायचं होतं. तुझी माफी मागायची आहे.

पावसाळ्याच्या तोंडाशी आपला जुना पीसी गेला. म्हटलं, पॅकेट रेडिओची, म्हणजे रेडिओवरून निरोप पाठवणारी आपली मेलबॉक्स आता रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर नेऊ; चार-पाच वॅटचं यंत्र, वीज गेली तरी बॅटरीवर निभेल. सगळं सी भाषेत लिहिलेलं, आणि बाइटचा क्रम पीसीच्या इंटेल चिपचा न् पायच्या एआरएम चिपचा सारखाच, म्हणून मी निर्धास्त होतो. कंपाइलही झालं. पण टीएनसी, म्हणजे रेडिओचा मोडेम, जोडला आणि प्रोग्रॅम जागच्या जागी फिरत बसला. तीन रात्री गेल्या.

सिरियल पोर्टवरून एकेक बाइट वाचणारं फंक्शन माझं, आठवतंय? बाइट नसला की ते उणे एक द्यायचं, आणि ते उत्तर मी कॅरेक्टरमध्ये, म्हणजे एकाच बाइटच्या जागेत, ठेवत होतो. इंटेलवर कॅरेक्टर उणे १२८ ते १२७ असतो, एआरएमच्या लिनक्सवर ० ते २५५. तिथे उणे एकाचे २५५ होतात, आणि ‘संपलं’ ही खूण कधी येतच नाही. कॅरेक्टरचा इंट, म्हणजे मोठी जागा, केला, चाललं.

झोपायला गेलो आणि उठून बसलो. पीसीवर याच्या बरोबर उलटं होत असणार! खरोखरचा २५५ आला की प्रोग्रॅम त्याला उणे एक समजून फ्रेम अर्धवट टाकून देणार. मजकुरात, अगदी यूटीएफ-८ मधल्या मराठीतही, २५५ कधी येत नाही. जेपेग फोटोचा तर पहिलाच बाइट २५५.

सुध्या, मास्टचा तो फोटो कोरेगावला जाईना, निरोप मात्र बिनबोभाट जायचे. तुझं केबलचं सोल्डरिंग कच्चं आहे, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. तू दोनदा कनेक्टर सोडवून पुन्हा जोडलास, एका शब्दाने बोलला नाहीस. केबल खराब असती तर निरोपही गळाले असते, एवढं मला तेव्हा सुचायला हवं होतं.

कोडच्या तुझ्या भागात बोट ठेवायला जागा नाही. एएक्स.२५ या पॅकेट रेडिओच्या नियमांत कॉलसाइनचं, म्हणजे स्टेशनच्या नावाचं, अक्षर एक बिट डावीकडे सरकवून पाठवतात, ‘ए’च्या ६५ चे १३० होतात. पीसीवर हा आकडा ऋण होतो, आणि उजवीकडे परत सरकवला तरी वरचा बिट चिकटून राहतो. तू तिथे तो वरचा बिट पुसणारा १२७ चा मास्क लावला होतास, आणि मी ‘कशाला हवा?’ म्हणून वाद घातला होता. ते फंक्शन पायवर एक अक्षरही न बदलता चाललं.

काल रात्री तोच फोटो कोरेगावला पाठवला. १२०० बॉडचा संथ वेग, छोटासाच फोटो, तरी चार मिनिटं लागली. टीएनसीचा दिवा विझेपर्यंत मी तिथून हललो नाही. केबल तूच जोडलेली, तीच.

कोड पेनड्राइव्हवर सोबत ठेवलाय. वहिनींना नमस्कार, आणि दिवाळीला ये.

तुझा,
अविनाश